अमेरिकेत गाडीतच राहायचं म्हणे! आरव्ही पार्कचा अनुभव आहे का कुणाला?

टिळकवाडीचा_अप्पा | १६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. मुलगा डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत. त्यानं आम्हाला न विचारता बेत ठरवून टाकलाय. एक मोठी गाडी, आरव्ही म्हणतात तिला, भाड्यानं घ्यायची, त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक, त्यातच संडास, आणि नऊ रात्री फिरत यलोस्टोन नॅशनल पार्कपर्यंत जाऊन यायचं. रात्री थांबायचं ते आरव्ही पार्क नाहीतर कॅम्पग्राउंड म्हणून जागा असतात तिथं.

माझं वय ६९. हिचे गुडघे दुखतात. मला रात्री दोनदा उठावं लागतं. गाडीतल्या संडासाचं पुढं काय होतं, हा प्रश्न ही मला रोज विचारते आणि मी रोज विषय बदलतो. माझं अख्खं आयुष्य विजेच्या तारांत गेलं, त्यामुळं गाडीला करंट कुठनं मिळतो हेही कळायला हवं. पोराला विचारलं की "बाबा, मजा येईल" एवढंच म्हणतो. कुणी राहिलंय का अशा ठिकाणी? खरं काय ते सांगा.

अनगोळचा_पक्या | १६ फेब्रुवारी

अप्पा, कॅम्पात राहायचं तर अमेरिका कशाला? दुसऱ्या गेटावरनं रिक्षा करा, दहा मिनटांत आपला बेळगावचा कॅम्प. मिलिटरीवाले रात्री पहारापण देतात, फुकट.

मलप्रभेकाठी | १६ फेब्रुवारी

पक्या 😀 हा जोक येणार हे धागा उघडायच्या आधीच माहीत होतं.

चिकोडीची_लेक | १७ फेब्रुवारी

अप्पा, मी चिकोडीची, सध्या ओहायोत. दर उन्हाळ्यात एकदा तरी आम्ही भाड्याची आरव्ही काढतो. सासू-सासरे दोनदा बरोबर होते, त्यामुळं गुडघ्यांसकट उत्तर देते.

पार्क म्हणजे प्लॉट पाडलेली जागा. प्रत्येक प्लॉटला नंबर, गाडी उभी करायला खडीची पट्टी, शेजारी लाकडी टेबल-बाक, शेकोटीसाठी लोखंडी कडं. आणि एक खांब. सगळा जीव त्या खांबात. त्यावर विजेचे प्लग, पायथ्याशी पाण्याचा नळ, आणि थोडं बाजूला जमिनीतनं वर आलेलं मैल्याचं पाइप, झाकण लावलेलं. तिन्ही असलं की त्याला 'फुल हुकअप' म्हणतात. खासगी पार्कात हे सर्रास मिळतं. नॅशनल पार्कातल्या बहुतेक जागांवर मात्र यातलं काहीच नसतं, तिथं गाडीच्या टाक्यांवर भागवायचं.

टाक्या तीन. एक स्वच्छ पाण्याची, एक अंघोळ आणि भांड्याच्या पाण्याची, तिला 'ग्रे' म्हणतात, आणि एक 'ब्लॅक', म्हणजे काकू विचारतात ती. भाड्याच्या गाडीत ब्लॅक टाकी बहुधा ३० गॅलनच्या आसपास, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आतच. नियम एकच: खांबाजवळ पाइप जोडलेलं असलं तरी ब्लॅकचा कॉक उघडा सोडायचा नाही. उघडा राहिला की पाणी वाहून जातं आणि उरलेलं तळाला डोंगर होऊन बसतं. टाकी बरीच भरली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप आपोआप धुऊन निघतं. आपण पाणी वापरणारी माणसं, त्यामुळं टाकी लवकर भरते, पण ते बरंच. त्या टाकीला पाणीच लागतं. मग्गा मात्र बरोबर न्या.

झोपण्याचं: ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा असतो, तिथं शिडीनं चढावं लागतं. तो पोराला द्या. मागचा पलंग तुम्ही घ्या, संडास तिथनं दोन पावलांवर.

टिळकवाडीचा_अप्पा | १७ फेब्रुवारी

लेकी, एवढं सविस्तर लिहिलंस, आभार. हिला वाचून दाखवलं. "सोडायची म्हणजे कोण सोडणार?" असं विचारते.

चिकोडीची_लेक | १७ फेब्रुवारी

ज्याची गाडी तो. 🙂

निपाणी_जुना_स्टँड | १७ फेब्रुवारी

मी यात बिब्बा घालतो. मुलीकडं कॅलिफोर्नियात होतो तेव्हा जावयानं हाच घाट घातला होता. गाडीचं दिवसाचं भाडं वेगळं, मैलागणिक पैसे वेगळे, पार्कात रात्रीचे ७० डॉलर वेगळे, आणि गाडी पेट्रोल पिते म्हणजे म्हैस पाणी पिते तशी. लिटरला चार किलोमीटर पडलं तरी पेढे वाटायचे. तेवढ्यात साधी कार आणि मोटेल आरामात झालं असतं, वर सकाळी फुकट नाश्ता. शिवाय जावई रोज संध्याकाळी अर्धा तास गाडी मागं घेत होता आणि मुलगी बाहेर उभी राहून "लेफ्ट, लेफ्ट, नो, अदर लेफ्ट" ओरडत होती. त्यांचा संसार टिकला हे नशीब.

अप्पा, शहाणे असाल तर मोटेल.

उद्यमबागी | १७ फेब्रुवारी

@जुना स्टँड, त्यासाठी 'पुल-थ्रू' जागा मागायची असते. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. रिव्हर्स नको आणि घटस्फोट नको.

अप्पा, करंटचं मी सांगतो. तिकडं ११०-१२० व्होल्ट, आपल्या निम्मं. लहान गाडीला ३० अँपिअरचा प्लग, म्हणजे १२० गुणिले ३०, ३६०० वॅट. एसी चालू, त्यावर मायक्रोवेव्ह, त्यावर इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडला. मोठ्या गाडीला ५० अँपिअर. त्यात दोन फेज आहेत असं समजा, प्रत्येकी १२०, त्यामुळं एकूण १२ हजार वॅट. ३० आणि ५० मध्ये फरक थोडाच दिसतो, पण प्रत्यक्षात तिपटीहून जास्त. खांबाला थेट जोडू नका, मध्ये सर्ज प्रोटेक्टर घाला. आणि वहिनींना सांगा, इथला मिक्सर नेऊ नका. १२० वर तो पाटा-वरवंट्याहून हळू फिरेल.

टिळकवाडीचा_अप्पा | १७ फेब्रुवारी

मिक्सर बॅगेतनं काढला. हिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच व्होल्टेज कमी केलं.

चिकोडीची_लेक | १८ फेब्रुवारी

@जुना स्टँड काका, हिशेब तुमचा बरोबर. स्वस्त पडतं म्हणून कुणी जाऊ नये. पण माझ्या सासऱ्यांना डायबेटीस. कारनं जाताना दर तासाला पंप शोधायचा, त्यांना संकोच, आम्हाला घाई. आरव्हीत ते निवांत. मी त्यांना इतकं मोकळं एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मोटेलच्या फुकट नाश्त्यात हे मिळत नाही.

फक्त गाडी चालू असताना उठायचं नाही, पट्टा लावून बसायचं. थांबवा म्हटलं की थांबवायची, एवढंच.

रायबागचा_पाटील | १८ फेब्रुवारी

हे सगळं वाचून हसू येतंय बघा. आरव्ही पार्क आमच्याकडं कधीपासनं आहे. माघ पौर्णिमेला चिंचलीला या, मायाक्काच्या जत्रेला. सांगली-कोल्हापूरकडनं बैलगाड्या येतात, ओढ्याकाठी, मोकळ्या रानात, मिळेल तिथं सुटतात. गाडीचं जू खाली टेकवायचं, साटीवर ताडपत्री ओढायची, खाली कडब्याचं अंथरूण. बायका तीन दगडांवर चूल मांडतात, बैल चाकाला बांधतात. आजोबा पाच-पाच दिवस राहायचे. आता निम्म्या ट्रॅक्टर ट्रॉल्या झाल्या, पण सुटणं तेच. आमच्या घराण्याची जागा ठरलेली असायची, एका बाभळीखाली. बुकिंग नाही, खांब नाही, काही नाही. दुसरा कुणी तिथं सुटला तर आजोबा नुसते जाऊन उभे राहायचे.

मलप्रभेकाठी | १८ फेब्रुवारी

सौंदत्तीलापण तेच. यल्लम्माच्या डोंगराला आम्ही टेंपोतनं जायचो. जोगुळभावीला अंघोळ, मग वर पाल ठोकायचं, परडी भरायची, आंबील-घुगऱ्या. लहानपणी मला देवीपेक्षा पालात झोपायचं जास्त आकर्षण. रात्री शेजारच्या पालातलं सगळं ऐकू यायचं, कुणाचं भांडण, कुणाचं घोरणं, आणि पहाटेपर्यंत चौंडकं.

संकेश्वरी | १८ फेब्रुवारी

जत्रेचं ठीक. आमच्या शेतावर दर वर्षी बीडकडची ऊसतोड टोळी येते. पाचटाच्या कोप्या, आत वाकून जावं लागतं, पाच महिने बायकापोरांसकट तिथंच. पाणी आमच्या बोअरचं. संडास म्हणजे उसाची सरी. त्यांना कुणी विचारत नाही की कॅम्पिंग कसं चाललंय. धाग्याला विषयांतर वाटलं तर सोडून द्या, पण बैलगाडीचं कौतुक वाचून राहवलं नाही.

रायबागचा_पाटील | १८ फेब्रुवारी

विषयांतर नाही. खरं आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्या ओढ्याकडं मीही जात नाही.

अनगोळचा_पक्या | १८ फेब्रुवारी

आमचं कॅम्पिंग तर गोवा सरकारनं बंद केलं. दर मे महिन्यात गल्लीतली ३० माणसं, एक टेंपो, एक सिलिंडर, दोन पातेली. चोर्ला घाटातनं उतरायचं, किनाऱ्याच्या अलीकडं माडाखाली टेंपो लावायचा, तिथंच भात-आमटी. २०१९ ला कायदा आला, तेव्हा पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक केला तर माणशी २ हजार, ग्रुप असला तर १० हजार दंड होता. आता घरनं डबे करून नेतो. टेंपोत बसून खातो, खिडक्या लावून, चोरासारखं.

पणजीत_माहेर | १८ फेब्रुवारी

पक्या, तुमच्या गल्लीनं आमच्या माडाखाली काय काय ठेवून जायचं ते मी इथं लिहीत नाही. खरकटं, पत्रावळ्या आणि बरंच काही. कायदा उगीच नाही आला.

अनगोळचा_पक्या | १८ फेब्रुवारी

मान्य. पण कचऱ्याचा डबा तरी ठेवायचा होता की एक! नळ एक, डबा एक, पत्र्याचे दोन संडास, पाहिजे तर टेंपोमागं ५०० रुपये घ्या. आम्ही दिले असते. थांबायला जागाच नाही म्हटल्यावर माणूस माडाखालीच थांबणार.

निपाणी_जुना_स्टँड | १८ फेब्रुवारी

पहिल्यांदाच पक्यानं कामाचं काहीतरी लिहिलं. तारीख लिहून ठेवा.

जांबोटीकर | १९ फेब्रुवारी

आता मला बोलावंच लागतंय. पक्या म्हणतो ते मी करून बसलोय.

जांबोटीच्या पुढं आमची दीड एकर काजूची जागा. २०२२ च्या दिवाळीनंतर चार तंबू लावले, पाण्याची टाकी चढवली, सोलरचे दिवे, दोन संडास. गाडीत झोपणाऱ्यांसाठी सपाट जागापण केली, कारण हल्ली गाडीवर तंबू लावून फिरणारी पोरं येतात. पहिले दोन महिने झकास. हुबळीचे, बेळगावचे, एक पुण्याचं जोडपं तर आठवडाभर होतं.

त्रास तीन. पहिला आवाज. शनिवारी येणाऱ्या टोळक्याला जंगलात कशाला यायचं असतं तर स्पीकर लावायला. रात्री १० नंतर बंद म्हटलं की "पैसे दिलेत ना?" अमेरिकेतल्या पार्कात १० ते ६ 'क्वाएट अवर्स' असतात असं ऐकून आहे, तिथं लोक ऐकतात म्हणे.

दुसरा जनावरांचा. आमच्याकडं अस्वलं आहेत, दांडेलीकडनं हत्ती येतात. एकानं तंबूत फणस ठेवला होता. पुढचं सांगत नाही, माणूस वाचला, तंबू नाही. शिवाय गोचिडी. पलीकडं सत्तरी आणि दोडामार्गात गोचिडींनी पसरणाऱ्या माकडतापाचे पेशंट सापडल्यापासनं उन्हाळ्यात पानगळीत बसू नका, संध्याकाळी अंग तपासा, असं मी प्रत्येकाला सांगायचो. लोक हसायचे.

तिसरा त्रास म्हणजे काकूंचा प्रश्न. संडासाची टाकी भरली. मैला उपसणारा टँकर बोलावला. पैसे चोख मोजून घेतले, २० मिनिटांत टाकी रिकामी. मी सहज विचारलं, हे नेऊन कुठं टाकतोस रे? तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? तुमचं काम झालं न्हवं?" संध्याकाळी ओढ्याच्या वळणावर टायरच्या खुणा आणि वास. तो ओढा मलप्रभेला मिळतो. खाली खानापूर आहे, असोग्याला लोक अंघोळ करतात. दुसऱ्या आठवड्यात तंबू उतरवले.

मलप्रभेकाठी | १९ फेब्रुवारी

मी असोग्याला जाते दर संक्रांतीला. 😐

खानापुरी_माती | १९ फेब्रुवारी

जांबोटीकर, एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, केलं होतंस काय? नाहीतर तंबू तसेही उतरवावे लागले असते.

जांबोटीकर | १९ फेब्रुवारी

अर्ज दिला होता. तो अजून फिरतोय. माझ्या तंबूंपेक्षा जास्त प्रवास त्यानंच केला.

उद्यमबागी | १९ फेब्रुवारी

गाड्यांचीपण तीच कथा. दोन वर्षांमागं एका गिऱ्हाइकानं जुनी १३ सीटर आणली, आत पलंग, ओटा, संडास बसवून द्या म्हणाला. काम आम्ही सुरेख केलं, ओट्याखाली सरकणारी पेटी, गॅसला वेगळा कप्पा. पण गाडीची रचना कंपनीनं दिलेल्या नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंपण तेच सांगितलंय. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, त्यात बसवून पास करून घ्यावी लागते. एक सुटी गाडी घेऊन कोण त्या भानगडीत पडणार? गिऱ्हाइकानं शेवटी सीटा परत बसवल्या. संडासाचं भांडं अजून आमच्या शेडमध्ये आहे, पोरं त्यावर बसून डबा खातात. झाकण लावून.

महाराष्ट्रानं २०२१ ला कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण काढलं, केरळनंपण त्याच वर्षी काढलं. धोरण कागदावर धावतंय, गाडी अजून शेडमध्ये.

केए_तेवीस | २० फेब्रुवारी

अमेरिकेत केओए नावाची पार्कांची मोठी साखळी आहे, १९६२ ला मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झाली. 'कॅम्पग्राउंड'चं स्पेलिंग मुद्दाम 'के'नं करतात.

अनगोळचा_पक्या | २० फेब्रुवारी

के?? म्हणजे तिकडंपण कर्नाटक करून ठेवलं! उद्या मोर्चा.

निपाणी_जुना_स्टँड | २० फेब्रुवारी

जांबोटीकरा, तू पार्क परत काढलास तर पाटी कुठल्या भाषेत लावणार ते आत्ताच ठरव. तंबू नंतर.

जांबोटीकर | २० फेब्रुवारी

मागच्या वेळी नुसता बाण काढला होता. बाणाला भाषा नसते.

ॲडमिन_सीमाभाग | २० फेब्रुवारी

मंडळी, सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, ४१२ पानांचा. इथं संडासावरच राहा.

टिळकवाडीचा_अप्पा | २ मार्च

पोरानं बुकिंग केलं. जाताना कॅस्परला एक रात्र, कोडीला एक, मग यलोस्टोनच्या आत फिशिंग ब्रिजला चार, बाकी येताना. चिकोडीच्या लेकीला विचारायचं होतं, ही जागा कशी?

चिकोडीची_लेक | ३ मार्च

उत्तम मिळाली! यलोस्टोनच्या आत फुल हुकअप फक्त तिथंच आहे. तिथं तंबू चालत नाही, कापडी भिंतीची गाडीसुद्धा नाही, कारण तो ग्रिझली अस्वलांचा इलाखा. रात्री टेबलावर काही ठेवायचं नाही, तेलाची बाटली नाही, साबण नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. अस्वलापासनं १०० यार्ड, गव्यापासनं २५ यार्ड लांब राहायचं. आणि जून आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. जवळजवळ ८ हजार फूट उंची आहे, रात्री पाणी गोठू शकतं. झोपायच्या आधी नळाचं होज, म्हणजे पाण्याची नळी, काढून ठेवा.

अजून एक: फ्रीज गॅसवर चालणारा असला तर गाडी सपाट उभी हवी. चाकाखाली ठोकळे देतात.

टिळकवाडीचा_अप्पा | ९ जुलै

मंडळी, परत आलो. बेळगावात पाऊस, मला जेट लॅग, रात्री तीनला जागा आहे, म्हणून लिहितो. धागा मी काढला, तेव्हा उत्तर देणं माझंच काम.

पहिल्या संध्याकाळी कॅस्परला पोचलो. पोरानं गाडी लावली आणि फोनवरच्या ॲपनं सपाट आहे का बघायला लागला. मी ओट्यावर वाटीत पाणी भरून ठेवलं. पाणी एका कडेला. दोन ठोकळे घातले, पाणी मध्ये. पोरगं म्हणालं, "ॲपपण तेच सांगतंय." मग मी बेळगावहून नेलेला मीटर काढला आणि खांबावर व्होल्टेज मोजलं. ११७. तीन प्लग, २०, ३० आणि ५०, प्रत्येकाला वेगळा ब्रेकर, वर पावसाचं झाकण, अर्थिंग चोख. शेजारचा माणूस लांबून बघत होता. जवळ येऊन त्यानं विचारलं, काही बिघाड आहे का? पोरानं सांगितलं, नाही, वडिलांना आवडतं.

तो शेजारी नेब्रास्काचा, वय ७१. घर विकून नवरा-बायको तीन वर्षं गाडीतच राहतात. पत्ता मुलीच्या घरचा. मी हिला सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे देव कुठं ठेवलेत?" हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.

हिची गंमत वेगळीच. तांदळाची भाकरी जमली. वांग्याला फोडणी दिली आणि गाडीचा धुराचा अलार्म असा कोकलला की अर्धं पार्क बाहेर आलं. त्यात क्वाएट अवर्सला दहा मिनिटं बाकी. पोरानं अलार्मवर टॉवेल धरला, मी दार-खिडक्या उघडल्या, आणि ही ओट्यापाशी उलथनं घेऊन ठाम, म्हणाली, "करपेल, मी हलणार नाही." दुसऱ्या दिवसापासनं फोडणी बाहेर, टेबलावर, छोट्या शेगडीवर. आणि फिशिंग ब्रिजला तर जेवून झालं की टेबल पुसून काढायचं, अस्वलाला हिंगाचा वास आवडेल की नाही याची परीक्षा नको म्हणून.

अस्वल दिसलं नाही. गवा दिसला, रस्त्याच्या मधोमध, वीस गाड्या त्याच्यामागं. आपल्या खानापूरच्या गव्यापेक्षा हा वेगळा, पुढनं केसाळ, मागनं उघडा, शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

तिसऱ्या रात्री होज काढायचं विसरलो. सकाळी होज म्हणजे काठी. पोरानं उन्हात ठेवलं, मी त्यावर चहाचं उरलेलं गरम पाणी ओतत बसलो.

आता काकूंचा प्रश्न, म्हणजे आमच्या हिचा. चौथ्या दिवशी टाकीचा दिवा लाल झाला. पोरगं हातमोजे घालून निघालं. मी मागं गेलो. जाड पाइप ओढून काढलं, एक टोक गाडीला, दुसरं जमिनीतल्या तोंडाला. ते वाकलेलं बघून मला काहीतरीच वाटलं. इंजिनियर झालेला पोरगा. मी म्हटलं, बाजूला सर, मी करतो. तो म्हणाला, "बाबा, राहू दे." मी म्हटलं, मोजे दे.

लहानपणी आमच्या शहापुरातल्या वाड्याला टोपल्यांचे संडास होते. मागच्या बोळातनं पहाटे माणूस यायचा. पत्र्याचा आवाज यायचा तेवढा. आई म्हणायची, तिकडं बघायचं नाही. त्याचं तोंड मी एकदाही बघितलं नाही, नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

कॉक ओढला. पाइप हातात थरथरलं, गरम लागलं. दोन मिनिटं. मग ग्रे सोडली, साबणाचं पाणी खळखळत गेलं. पाइप धुतलं, झाकण लावलं, मोजे कचऱ्यात, हात दोनदा धुतले. ही पायरीवर उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "झालं? एवढंच होतं?" आणि चहा टाकला.

जुना स्टँड, तुमचा हिशेब बरोबर होता, मोटेल स्वस्त पडलं असतं.

चिकोडीची_लेक | ९ जुलै

अप्पा 🙏 काकूंचे गुडघे?

टिळकवाडीचा_अप्पा | ९ जुलै

गाडीची पायरी उंच होती, दुधाचा प्लॅस्टिक क्रेट उलटा ठेवला. रात्री दोनदाच्या जागी एकदा उठलो, थंडीनं बाहेर पडवत नव्हतं.

निपाणी_जुना_स्टँड | ९ जुलै

हिशेब बरोबर होता हे लेखी मिळालं. बाकी तुम्ही जिंकलात.

अनगोळचा_पक्या | ९ जुलै

मला एकच कळेना, हिंगाचा अलार्म बेळगावला का नाही वाजत?

टिळकवाडीचा_अप्पा | १० जुलै

जांबोटीकर, तू धागा वाचतोस का अजून? मी परत येताना विमानात सगळा वेळ तुझ्या ओढ्याचाच विचार करत होतो. टँकर नकोच. दोन खड्डे काढ, जाळीदार बांधणीचे, एका वेळी एकच वापरायचा. पहिला भरला की बंद करून दुसरा. पहिल्याला दोन वर्षं विसावा दिला की खत होतं, काजूला घाल. विहिरीपासनं आणि ओढ्यापासनं लांब हवेत, आणि पावसात पाणी वर येणाऱ्या जागी नकोत. तुझ्याकडं जांभा आहे, तेव्हा खणून पाणी किती खोल आहे ते आधी बघायला लागेल. आत्ता, पावसातच बघ, उन्हाळ्यात बघून उपयोग नाही. विजेचा खांब मी करून देतो. ब्रेकर, अर्थिंग, पावसाचं झाकण, सगळं तिकडं फोटो काढून आणलंय. पैसे नकोत.

जांबोटीकर | १० जुलै

वाचतोय अप्पा. आज सकाळीच पहार घेऊन गेलो होतो. वरच्या बांधाला पाच फुटांवर पाणी लागलं, काजूच्या कडेला सात फूट खणलं तरी कोरडं.

टिळकवाडीचा_अप्पा | १० जुलै

काजूची कड मग. रविवारी येतो, उद्यमबागीला घेऊन. त्याच्या शेडमधलं ते भांडंपण आणतो.

उद्यमबागी | १० जुलै

पोरांना डबा खायला स्टूल आणून देतो आधी.

जांबोटीकर | १० जुलै

या. येताना कॅम्पातनं पाव आणा, इथं पावसानं गाडी आली नाही चार दिवस.